फिलूमावशी आणि मागची सीट

फिलूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका मोटारसायकलची तिच्याच जुन्या मॉडेलशी तुलना लिहीत बसलो होतो. यात योगायोग वगैरे काही नाही. मी बहुतेक वेळ हेच करत असतो. गेली बारा वर्षं मी एका मराठी वेबसाइटसाठी दुचाक्यांवर लिहितोय आणि त्यातलं माझं हुकमी सदर म्हणजे 'जुनी की नवी'. कंपनीनं नवं मॉडेल काढलं की ते मागच्या मॉडेलशेजारी उभं करायचं, काय वाढलं, काय घटलं, जास्तीचे पैसे मोजावेत की नाही ते सांगायचं. खाली वाचक एकमेकांच्या गाड्यांचा आणि घराण्यांचा उद्धार करतात, आणि त्या भांडणावर माझं घर चालतं.

या धंद्यातलं जे काही थोडं शहाणपण माझ्याकडे आहे, ते मला एका बाईनं शिकवलं. तिला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती.

तेव्हा मी सोपाऱ्याजवळ आचोळ्याला राहत होतो. इमारतीच्या तळमजल्यावर परबकाकांची खानावळ होती. केळीच्या पानावर जेवण, एवढी एकच चैन त्यांनी गिऱ्हाइकांसाठी ठेवली होती. बाकी टेबलं हलायची आणि पंखा ओरडायचा. ही पानं निर्मळ गावाहून यायची. बुधवारी आणि शनिवारी सकाळी आठच्या सुमारास एक लालभडक स्पोर्ट बाईक गल्लीत शिरायची. पुढं टाकीवर ओणवा झालेला, रेसमध्ये उतरल्यासारखा एक माणूस. आणि त्याच्या मागं, एका बाजूला पाय सोडून, साडी नीट चापून बसलेली, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि मांडीवर केळीच्या पानांची भलीमोठी जुडी घेतलेली बाई. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. परबकाका म्हणाले, "हसू नका. ती बाई तुमच्यापेक्षा जास्त गाड्या बघून बसलीय."

मागं बसायची ती फिलूमावशी आणि पुढं बसायचे ते तिचे नवरे, इनास सर. एका आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवायचे. अबोल माणूस, हात मात्र सोन्याचे. गाडीच्या डाव्या बाजूला मावशीला पाय ठेवायला कंपनीनं दिलेली दांडी त्यांना पसंत पडली नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः एक रुंद पत्रा कापून, कडा घासून तिथं बसवला होता. मी त्या पत्र्याचं कौतुक केलं आणि माझी ओळख सांगितली तेव्हा सर खूश झाले. मावशी खानावळीच्या कट्ट्यावर पानं मोजत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"काय लिहितोस?"

"कुठली गाडी चांगली ते."

"तू बघतोस तेव्हा मागं कोण बसतं?"

"मागं? कुणीच नाही. एकटाच चालवतो."

"मग अर्ध्याच गाडीचं लिहितोस," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, कारण माझ्यामुळे तिचा आकडा चुकला होता.

मला ते झोंबलं. घरी जाऊन मी माझे जुने लेख काढून बघितले. प्रत्येक तक्त्यात शेवटून दुसरा रकाना होता, 'मागच्या सीटचा आराम', आणि त्यात मी प्रत्येक गाडीला 'बरा' असं लिहिलं होतं. सात वर्षं. एकाही गाडीच्या मागच्या सीटवर मी बसलो नव्हतो.

मग मी बुधवार-शनिवार सकाळी मुद्दाम खाली उतरायला लागलो. मावशीची पद्धत हळूहळू कळली. खानावळीत आल्यावर ती प्रत्येक पान उजेडाकडे धरायची. फाटलेलं वेगळं ठेवायची, कारण परबकाका ते घेत नसत. पण नुसतं वेगळं ठेवून तिचं समाधान व्हायचं नाही. पान कुठं फाटलंय ते ती बघायची. कडेला झिरमिळ्या झाल्या असल्या तर वाऱ्यानं. म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीचा आडोसा कमी पडला. मधल्या दांड्याजवळ चीर गेली असली तर दणक्यानं; म्हणजे मागचा शॉकअप कडक. सगळी पानं एकाच बाजूनं चुरगळली असली तर ती पुढं घसरली. म्हणजे सीट उतरती किंवा ब्रेक मारणारा घाईचा. निर्मळहून आचोळ्यापर्यंतचा रस्ता तोच, गतिरोधक तेच, जुडी तेवढीच. लाल गाडीवर साधारण तीन पानं फाटायची. हा तिचा पाया. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर बसली की ती त्या तिनाशी पडताळून बघायची.

"पान खोटं बोलत नाही," असं ती म्हणायची. हे तिचं आवडतं वाक्य होतं आणि ती ते जरा जास्तच वेळा म्हणायची.

मी प्रयोगशाळांमधून आलेले कागद वाचतो, त्यात कंपनं मोजणारी यंत्रं असतात. पण फिलूमावशीच्या जुडीइतकं सोपं आणि खरं मापन मी पुन्हा कुठं पाहिलेलं नाही. ही पद्धत कुणी इंजिनिअर शोधून काढू शकला नसता, कारण त्यासाठी फाटलेलं पान गिऱ्हाईक परत करतं याची रोजची धास्ती लागते.

निर्मळला त्यांच्या आळीत कुणी नवी गाडी घेणार असलं की आधी शोरूमची गाडी फिरवायला मागून मावशीच्या दारात आणायची, असा रिवाजच पडला होता. मावशी हात पुसत बाहेर यायची, हेल्मेट चढवायची, तळ्यापर्यंत चक्कर मारून यायची आणि ओट्यावर बसून निकाल द्यायची. हेल्मेट चढवणं हा एक सोहळा असे. तिचा अंबाडा मोठा होता आणि हेल्मेट बनवणाऱ्यांनी जन्मात अंबाडा पाहिला नसावा अशी तिची खात्री होती. मग अंबाडा सोडून वेणी पुढं घ्यायची आणि उतरल्यावर पुन्हा बांधायचा. निकाल अंबाडा बांधता बांधताच यायचा, तोंडात केसांचे आकडे धरलेले असल्यामुळे अर्धा कळायचा.

एका पोरानं फार हौसेनं आणलेल्या गाडीबद्दल ती म्हणाली, "ही रागीट आहे. ब्रेक लावला की बायको नवऱ्याच्या पाठीवर आदळते. घरून भांडून निघाली असली म्हणजे पंचाईत." त्या पोरानं तरी ती गाडी घेतली. पुढं त्याचं लग्न झाल्यावर बायकोनं वर्षाच्या आत ती विकायला लावली आणि मावशीची पत आणखी वाढली.

मलाही तिनं सोडलं नाही. एकदा सरांना ताप होता म्हणून मी माझ्या स्कूटरवरून तिला निर्मळला सोडायला गेलो. घर आल्यावर उतरून म्हणाली, "तू ब्रेक दोनदा दाबतोस. एकदा शंका येते म्हणून, एकदा खात्री पटते म्हणून. लग्न ठरत नाही ना तुझं?"

ठरत नव्हतं. पण त्याचा ब्रेकशी काय संबंध, हे मी तिला विचारलं नाही, कारण तिनं उत्तर दिलं असतं.

घरात ती दोघं आपल्या बोलीत बोलत. मी कोकणातल्या घरातला, मला त्यातलं चौथ्या भागाएवढं कळे. माझ्याशी बोलताना मावशी शाळेतलं मराठी काढायची आणि सर तेवढंही काढत नसत. पण त्या बोलीतही एक गोष्ट कळायची. गाडीबद्दल काहीही ठरवायचं असलं की सर मावशीकडे बघायचे. टायर बदलायचा का, तेल कुठलं घालायचं. कामाची जाण सरांना, शब्द मावशीचा. "फिलू नाही म्हणाली की नाही," असं ते सरळ सांगायचे. आयटीआयमधल्या मित्रांनी त्यावरून त्यांची टर उडवली तरी त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे.

सर साठाला आले, निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला त्या लाल गाडीची नवी आवृत्ती बाजारात आली.

ही गाडी म्हणजे सरांचं एकमेव व्यसन. पंचेचाळिसाव्या वर्षी घेतली तेव्हा अख्ख्या आळीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. आता तिची पंधरा वर्षं भरत आली होती, नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं, सुटे भाग मिळेनासे झाले होते. आणि शोरूममध्ये तिची धाकटी बहीण उभी होती. मी तिच्यावर लिहिणारच होतो, त्यामुळे सगळं मला पाठ होतं. पुढचे फोर्क उलटे आणि जाड. दोन्ही चाकांना एबीएस. क्लच लोण्यासारखा. इंजिन तेवढंच, पण जोर बराच जास्त आणि तोही अगदी खालपासून मिळणारा. पूर्वीचा पिवळट दिवा जाऊन दोन बारीक डोळे आले होते. जुन्या गाडीपेक्षा नवी कशात कमी आहे, असं विचारलं तर पुढं बसणाऱ्यानं शोधूनही सापडलं नसतं.

सर पाचदा जाऊन ती बघून आले होते. सहाव्यांदा मावशीला घेऊन गेले आणि मला बोलावलं.

शोरूममधला विक्रेता तरुण आणि चुणचुणीत होता. तो सरांना एकेक गोष्ट दाखवत होता आणि सर मान हलवत होते, जणू हे सगळं त्यांना पहिल्यांदाच कळतंय. मावशी गाडीच्या मागच्या बाजूला उभी होती. जुन्या गाडीला एक लांब सलग सीट होती. नवीला दोन. पुढची खोलगट, आणि तिच्यावर वीतभर उंचीवर मागची, पोळपाटाएवढी आणि पुढं उतरती.

"इथं कुणाला बसवायचं?" मावशीनं विचारलं.

"मागच्या माणसाला, मॅडम."

"एका बाजूला पाय टाकून?"

"स्पोर्ट बाईकवर लेडीज दोन्हीकडे पाय टाकून बसतात आता. जीन्स वगैरे घालून."

"आणि मी?"

विक्रेत्यानं तिच्या साडीकडे, मग सरांकडे पाहिलं. "तुमच्यासाठी स्कूटर दाखवू का?"

मी मावशीच्या उत्तराची वाट बघत होतो. असल्या पोरांना ती जागेवर ठेवत असे. पण तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं लक्ष सरांकडे गेलं होतं. सर गाडीवर बसले होते, दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या काचेच्या भिंतीवर, आणि काचेपलीकडे रस्ता होता. साठ वर्षांचा तो माणूस इतका सुखी दिसत होता की मलाच बघायला संकोच वाटला. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "बुधवारी पानं घेऊन जाऊ हिच्यावरून. मग सांगते."

त्या बुधवारी मी आठच्या आधीच खाली जाऊन उभा होतो. सरांच्या जिवाला घोर लागलेला स्पष्ट दिसत होता. शोरूमची गाडी त्यांनी कट्ट्याला लावली, मावशी माझ्या खांद्याचा आधार घेऊन कशीबशी उतरली. तिचा चेहरा ओढलेला होता आणि उजवा हात दुखत असावा, कारण सबंध वाट तिनं सीटखालची पट्टी धरून काढली होती. सर हात धुवायला मागच्या नळावर गेले. मावशीनं कट्ट्यावर जुडी सोडली आणि पानं उजेडाकडे धरायला लागली.

मी शेजारी उभा राहून मोजत होतो. तीन. चार. सहा. मधल्या दांड्याजवळच्या चिरा, कडेच्या झिरमिळ्या, एका बाजूची चुरगळ, सगळं एकदम. नऊ पानं फाटली होती. बसणारी बाई आपटत, घसरत, जीव मुठीत धरून आली होती, हे त्या नऊ पानांवर लिहिलेलं होतं.

मावशीनं त्यातली सात उचलली, पटकन दुमडली आणि माझ्या हातात कोंबली. "वर घेऊन जा. पानगी कर यांच्यात."

सर ओले हात झटकत आले. काही विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

"दोन," मावशी म्हणाली.

"दोनच?"

"जुनीवर तीन फाटतात. ही बरी आहे. घे."

सरांनी कट्ट्यावरची ती दोन पानं बघितली. मग मावशीकडे बघितलं, आणि मोठ्यानं हसले. त्या माणसाला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा न घेता ते शोरूमची गाडी परत करायला आणि आगाऊ रक्कम भरायला गेले. परत लाल गाडी घेऊन यायला त्यांना अर्धा-पाऊण तास लागणार होता.

मी हातात सात पानं घेऊन तसाच उभा. मला खरं तर राग आला होता. माझ्या सगळ्या धंद्यात भरवशाची एकच मोजपट्टी मला सापडली होती आणि ती माझ्यादेखत वाकली होती.

"हे बरोबर नाही, मावशी," मी म्हटलं.

"नाहीच." ती बाकावर बसली. "रविवारी फादरांना सांगेन. तू कुणाला सांगू नको."

"पण का?"

ती थोडा वेळ पदरानं मान पुसत राहिली. मग म्हणाली, "जुनी घेतली तेव्हा काय तोरा होता त्याचा. दुकानातून घरी आणली, अन् दुसऱ्या दिवशी मी पानं घेऊन मागं बसले. तेव्हापासून तो चाळीसच्या वर गेला नाही. पानं फाटतात ना."

"एकटे असताना तरी जात असतील."

"एकटा जातो कुठं? कामाला आयटीआयच्या बसनं जायचा. गाडी निघायची ती माझी पानं पोचवायला, चर्चात मिसेला, नाहीतर बाजाराला. पंधरा वर्षं त्यानं रेसची गाडी बैलगाडीसारखी हाकली आणि एकदा बोलला नाही. आता मनगटं दुखतात त्याची. मी चोळून देते. अशी वाकून चालवायची गाडी अजून किती वर्षं चालवणार? तीन? चार? तेवढी तरी मनासारखी चालवू दे."

"आणि तुम्ही?"

"मला शेअर रिक्षा आहे की."

"वाईट नाही वाटणार?"

"वाटणार," ती म्हणाली. "त्यात काय?"

परबकाकांनी तिच्यासमोर चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या पेपरात माझ्या नावानं खोटं लिहू नको. पण खरंही लिहू नको."

माझा लेख त्याच आठवड्यात आला. नवी गाडी जवळपास प्रत्येक रकान्यात जिंकली. 'मागच्या सीटचा आराम' हा रकाना मी कोरा सोडला. खाली शंभरावर प्रतिक्रिया आल्या. दिव्यावरून भांडण झालं, रंगावरून झालं, किमतीवरून तर झालंच. कोऱ्या रकान्याबद्दल एकानंही विचारलं नाही.

जुनी लाल गाडी फुलपाड्याच्या एका मुलानं घेतली. त्यानं पहिल्या दिवशी मावशीच्या पायाखालचा तो पत्रा काढून टाकला असं सरांच्या कानावर आलं आणि ते दोन दिवस गप्प होते, म्हणजे नेहमीपेक्षाही गप्प.

नव्या गाडीला रविवारच्या मिसेनंतर फादरांनी आशीर्वाद दिला. मी गेलो होतो. पवित्र पाणी शिंपडून झालं, पेढे वाटून झाले आणि सर गाडी सुरू करून मावशीची वाट बघत राहिले. चारचौघांत नाही कसं म्हणणार? मावशी चर्चच्या पायरीवर चढली आणि तिथून त्या उंच सीटवर जाऊन बसली. घरापर्यंत नीट गेली. घरी मात्र पायरी नव्हती. तिला उतरता येईना. सरांनी गाडी धरली, मी एका बाजूनं, शेजारची बाई दुसऱ्या बाजूनं, असं करून आम्ही तिला खाली घेतलं. ती हसत होती. हसता हसता म्हणाली, "गुडघा गेला माझा. गाडी छान आहे, गुडघाच गेला."

सर त्या सीटकडे बराच वेळ बघत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी नव्या गाडीलाही पत्रा करून बसवला, पहिल्यापेक्षा रुंद. मावशीनं त्यावर पाऊल ठेवून बघितलं, पत्र्याची वाखाणणी केली आणि गुडघ्याला पुन्हा नावं ठेवली. त्यानंतर ती त्या गाडीवर बसली नाही. बुधवार-शनिवारी ती रिक्षानं यायला लागली आणि मीही तिला विचारणं सोडून दिलं. त्यातच मला पुण्याची नोकरी लागली आणि आचोळं सुटायची वेळ आली.

जायच्या आदल्या आठवड्यात शनिवारी पहाटेच मी एका लेखासाठी गाडी बघायला निर्मळला गेलो होतो. परत निघताना नाक्यावर शेअर रिक्षात चढलो तर आत कडेला मावशी, मांडीवर जुडी. तिनं सरकून जागा दिली. पलीकडे एक गृहस्थ होते. रिक्षा निघाली.

"सर कुठं आहेत?" मी विचारलं.

"मागं."

मला वाटलं घरी मागं राहिले. पण तिनं मानेनं खूण केली म्हणून मी वाकून पाहिलं. रिक्षाच्या मागं दहा-पंधरा हातांवर ती नवी कोरी गाडी येत होती. सर टाकीवर ओणवे, दुसऱ्या गिअरमध्ये. रिक्षा गतिरोधकावर हळू झाली की ते हळू व्हायचे. रिक्षावाल्यानं वाटेत कुणाशी बोलायला थांबवली तर तेही एक पाय टेकून थांबले. मागून येणारे भोंगे वाजवत पुढं जात होते.

"रोज असंच येतात?"

"पहिल्या दिवशी मी म्हटलं, पुढं जा, मोकळा जा. गेला. सोपाऱ्याच्या नाक्यावर जाऊन उभा राहिला. म्हणाला, तू दिसेनाशी झालीस. दुसऱ्या दिवसापासून हे असं."

"मग खोटं बोलून काय मिळवलंत, मावशी?" मी बोलून गेलो. नको होतं बोलायला.

ती रागावली नाही. जुडीवरून हात फिरवत राहिली.

"त्यांना कळलंय का?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

सोपाऱ्याच्या अलीकडे ते गृहस्थ उतरले. पुढं दोन्ही बाजूंना वाड्या आणि मध्ये बराच लांब मोकळा रस्ता होता. रिक्षा निघाली. मावशीनं आरशातून मागं पाहिलं. मग मांडीवरची जुडी उचलून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आणि पुढं वाकली.

"भाऊ, जरा जोरात घे."

रिक्षावाला तिच्या ओळखीचा होता. "मावशी, पानं फाटतील. तुम्हीच ओरडता ना रोज, हळू घे म्हणून."

"फाटू दे. घे जोरात."

त्यानं मूठ पिळली. रिक्षा पळून पळून किती पळणार? पन्नास, फार तर पंचावन्न. वारा आत घुसला आणि पानांच्या कडा फडफडून तुटायला लागल्या. क्षणभर मागून काहीच ऐकू आलं नाही. मग गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा बदलल्याचा, आणि त्या गाडीचा गळा मोकळा झाला. मावशी मागं वळून बघत नव्हती. डोळे बारीक करून नुसतं ऐकत होती.

सोपाऱ्याला मला काम होतं, मी उतरलो. सर शेजारी येऊन थांबले, मला हात केला. रिक्षा सुटली तेव्हा मावशीनं पुन्हा पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"अजून," ती म्हणत होती. "अजून जोरात घे, तो येतोय."